डायनामो, अल्टरनेटर आणि धाकट्याचा पंखा

परवा दुपारी जेवून नुकताच आडवा झालो होतो, तर पुतण्याचा फोन. हा आमच्या धाकट्या भावाचा मुलगा. स्वतःचा ट्रक आहे, 2023 साली घेतलेला, आणि तो स्वतःच चालवतो. म्हणाला, "मोठे बाबा, गाडीले मोठा अल्टरनेटर बसवाचा हाये. तुमी अँपिअरचा हिशोब करून द्या ना."

आता मी पडलो बी.ए. झालेला, मराठी आणि इतिहास शिकवणारा मास्तर. पण आमच्या शाळेत विज्ञानाची जागा वर्षानुवर्षं रिकामी असायची. मग दहावीच्या विज्ञानाचा तास कुणाच्या गळ्यात? तर जो नाही म्हणत नाही त्याच्या! त्या तासांमुळे घरात माझी ख्याती अशी, की विजेचं काहीही अडलं की मला विचारायचं. पुतण्याने यादीच सांगितली. मुक्कामाला स्वयंपाक करता येईल अशी इंडक्शन शेगडी, त्यासाठी इन्व्हर्टर, छोटा फ्रीज, दणदणीत म्युझिक सिस्टिम आणि समोर एलईडीचा लांब पट्टा.

मी म्हटलं, "हिशोब देतो बाबा, पण आधी तुझ्या बापाला विचार, मागच्या वेळी मी केलेल्या हिशोबाचं काय झालं ते."

पलीकडून नुसतं हसू आलं. त्याला ठाऊक आहे. घरात सगळ्यांनाच ठाऊक आहे. इथे मात्र मी ती हकिगत कधी लिहिली नाही, खरं सांगायचं तर लाज वाटत होती. आज लिहितो. पण इतिहासाचा मास्तर असल्याने मुळापासून सुरुवात केल्याशिवाय मला राहवत नाही, तेव्हा थोडा धीर धरा.

ट्रकच्या इंजिनाला एक पट्टा असतो, फॅन बेल्ट म्हणतात त्याला. त्या पट्ट्यावर नारळाएवढं एक यंत्र फिरत असतं. इंजिन चालू असेपर्यंत ते वीज तयार करतं, त्यातून दिवे लागतात, हॉर्न वाजतो आणि उरलेली वीज बॅटरीत साठते. हाच अल्टरनेटर. पूर्वी त्याच्या जागी डायनामो असायचा. आमच्याकडचे जुने मिस्त्री आजही अल्टरनेटरला डायनामोच म्हणतात.

सगळ्यांना वाटतं की डायनामो जुना आणि अल्टरनेटर नवा. गाड्यांपुरतं ते खरंही आहे. पण इतिहास उलटा आहे! 1831 साली मायकेल फॅरेडेने दाखवून दिलं, की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज वाहते. पुढच्याच वर्षी, 1832 मध्ये, पॅरिसमध्ये हिप्पोलाइट पिक्सी नावाच्या कारागिराने हाताने फिरवायचं यंत्र बनवलं. त्यात नालेसारखा चुंबक फिरायचा आणि वरच्या वेटोळ्यात वीज निर्माण व्हायची. पण ती वीज दर अर्ध्या फेरीला दिशा बदलायची. आता इकडून तिकडे, लगेच तिकडून इकडे. अशा उलटसुलट विजेचं करायचं काय, हे तेव्हा कुणालाच कळेना. मग अँपिअर या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून पिक्सीने तिला एका दिशेला वळवणारा तुकडा जोडला. त्याचं नाव कम्युटेटर. पुढे डायनामो ज्याच्या जिवावर चालले तो हाच. म्हणजे पहिलं यंत्र अल्टरनेटरच्याच जातीचं होतं, आणि माणसाने त्याला डायनामोचं वळण लावलं. पुतण्या ज्याचा हिशोब मागत होता तो अँपिअरही हाच बरं का!

मोटारगाड्या आल्या तेव्हा सुरुवातीला त्यांना विजेची फारशी गरज नव्हती. दिवे कार्बाइडचे असत, म्हणजे कार्बाइडवर थेंब थेंब पाणी टाकायचं आणि निघालेला वायू पेटवायचा. (कार्बाइड म्हटलं की आपल्याला केळी पिकवणारेच आठवतात!) इंजिन चालू करायला पुढून लोखंडी हँडल मारायचं. ते उलटं फिरलं की मनगट मोडलंच समजा. 1912 साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसला. आपले ड्रायव्हर ज्याला 'सेल्फ' म्हणतात तो हा. सेल्फ आला म्हणजे बॅटरी आली, बॅटरी आली म्हणजे ती भरायला डायनामो आला, आणि डायनामो आहेच म्हटल्यावर दिवेही विजेचे झाले. एक पाहुणा आला की त्याच्यामागे त्याचं सगळं खटलं येतं, तसंच हे.

हा डायनामो बिचारा कष्टाळू होता, पण त्याची एक अडचण होती. त्यात वीज जिच्यात तयार होते ती जाड तारांची गुंडाळीच गरगर फिरायची, आणि सगळी वीज कम्युटेटरवर घासणाऱ्या कार्बनच्या ब्रशांतून बाहेर काढावी लागायची. फार वेगाने फिरवला तर ठिणग्या उडायच्या, गुंडाळी सुटायची. म्हणून त्याला बेताबेताने फिरवायचं. परिणाम असा, की इंजिन जागेवर मंद चालू असलं की डायनामो जवळपास काहीच द्यायचा नाही. माझ्या पिढीच्या लोकांना आठवेल, रात्रीची एस.टी. स्टँडवर थांबली की आतले दिवे मिणमिणायचे, आणि गाडी निघून वेग घेतला की पुन्हा उजळायचे. लहानपणी मला वाटायचं, गाडीसुद्धा आपल्यासारखी पेंगते!

ही अडचण सुटली ती सिलिकॉनच्या डायोडमुळे. डायोड म्हणजे विजेचा एकतर्फी दरवाजा, आत येऊ देतो पण परत जाऊ देत नाही. 1950 नंतरच्या दशकात असे छोटे, दणकट, स्वस्त डायोड मिळू लागले. मग जाड गुंडाळी फिरवायची गरजच उरली नाही. ती बाहेर स्थिर ठेवायची, आत हलका विद्युतचुंबक फिरवायचा, उलटसुलट वीज होते तशी होऊ द्यायची आणि सहा डायोडांनी तिला एका दिशेला लावायचं. ब्रश राहिले, पण त्यांच्यातून फक्त चुंबकापुरती दोन-चार अँपिअर वीज जाते. त्यामुळे अल्टरनेटर इंजिनाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरवता येतो, आणि गाडी उभी असतानाही तो बऱ्यापैकी वीज देतो. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने 1960 च्या व्हॅलियंट गाडीला तो नेहमीचा भाग म्हणून दिला आणि पुढे सगळीकडे तोच रुळला. पिक्सीने सोडून दिलेली वाट सव्वाशे वर्षांनी अशी पुन्हा सापडली.

आपल्या देशात 1954 साली टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. 1961 साली मद्रासला लुकास-टीव्हीएस ही कंपनी निघाली, ती गाड्यांचं विजेचं सामान बनवू लागली. आमच्या भागात मात्र डायनामोवाले जुने ट्रक त्यानंतरही बरीच वर्षं धावत होते. एका मालकाने विकला की दुसऱ्याने घ्यायचा, त्याने विकला की तिसऱ्याने. आमच्याकडे माल होता आणि रस्तेही होते. कारंज्याच्या कापसाला शकुंतला गाडी होती, ती मूर्तिजापूरला न्यायची. पण बाकीच्या गावांना ट्रकच. पुढे सोयाबीन आलं आणि वाशीम, रिसोड, मालेगावच्या बाजारांबाहेर ट्रकांच्या रांगा लागू लागल्या.

आता धाकट्याकडे येतो.

धाकटा माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. शाळेत जीव रमला नाही. क्लीनर म्हणून लागला, मग ड्रायव्हर झाला आणि 1984 साली त्याने जुना ट्रक विकत घेतला. तेव्हा आमचा वाशीम जिल्हा झाला नव्हता (तो 1 जुलै 1998 ला झाला), सगळे कागद अकोल्याला. ट्रक बारा व्होल्टचा, डायनामोचा. पहिल्या वर्षीच डायनामोची गुंडाळी जळाली, तर मिस्त्रीने त्याच्या जागी 35 अँपिअरचा अल्टरनेटर बसवला. त्या दिवशी धाकट्याने पेढे वाटले होते! रात्री इंजिन मंद असतानाही हेडलाइट पांढरे पडतात, हेच मोठं अप्रूप.

त्या अल्टरनेटरने गावाची सेवाही केली आहे. 1987-88 साली दर रविवारी सकाळी टीव्हीवर रामायण लागायचं. गावात वीज असली तर असली! धाकट्याची गाडी गावात असली की वडाखाली उभी करायची आणि बारा व्होल्टवर चालणारा छोटा काळापांढरा टीव्ही टपावर ठेवायचा. वायर बॅटरीला लावली की झालं. म्हाताऱ्या बाया खाली बसून टीव्हीला हात जोडायच्या, म्हणजे पर्यायाने ट्रकलाच. धाकटा मधूनमधून इंजिन चालू करायचा, बॅटरी उतरू नये म्हणून. मग सगळे ओरडायचे, "अरे बंद कर बाप्पा, ऐकू नाही येऊन रायलं!"

मग हळूहळू गाडी सजू लागली. ट्रकवाल्यांमध्ये ती चढाओढच असते. आधी टेप आला, मग त्याला अँप्लिफायर आणि मोठे स्पीकर. काचेवर रंगीत दिव्यांची माळ आली. बालाजीच्या फोटोपुढे लाल दिवा, तो दिवसरात्र चालू. प्रेशर हॉर्न आला. आणि शेवटी टपावर चार मोठे हॅलोजन. केबिनमध्ये एक छोटा पंखाही होता, जाळीचा, डॅशबोर्डवर बसवलेला. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, पारा 43-44 ला सहज जातो. त्यात जुन्या ट्रकचं इंजिन केबिनमध्येच, ड्रायव्हरच्या मांडीशी. तो पंखा म्हणजे चैन नव्हती.

1993 च्या ऑक्टोबरातली गोष्ट. दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या होत्या. धाकटा अकोल्याहून रात्री परत येत होता. संध्याकाळपासून सगळे दिवे, टेप, सगळं चालू. पातूरचा घाट चढताना हेडलाइट पिवळे पडत गेले, मग तांबडे. समोर कापसाची बैलगाडी होती, तिला दिवा नाही. धाकट्याला ती दिसली तेव्हा मधलं अंतर, त्याच्याच शब्दांत सांगायचं तर, "बैलाच्या शेपटीएवढं" राहिलं होतं. ब्रेक लागला आणि सगळे वाचले. घरी आला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. ओट्यावर बसला आणि बराच वेळ बोललाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, "दिवे मंद झाल्यावर तू काय केलंस?"

म्हणाला, "पंखा बंद केला."

"आणि हॅलोजन?"

"हॅलोजन कसे बंद करू दादा, रस्ता दिसला पायजे."

"टेप?"

"क्लीनर झोपला असता."

"देवाचा दिवा?"

यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

मी वही काढली. वॉटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात, दहावीच्या पोरालाही येणारं गणित. दोन हेडलाइट मिळून 120 वॉट, भागिले 12, म्हणजे 10 अँपिअर. चार हॅलोजन, प्रत्येकी 100 वॉट, म्हणजे 33. मागचे-बाजूचे दिवे आणि रंगीत माळ 6. टेप आणि अँप्लिफायर 7. पावसात वायपर 4. पंखा 2. देवाचा दिवा 1. बेरीज 63! आणि अल्टरनेटर देणार जास्तीत जास्त 35. उरलेले 28 बॅटरीतून जाणार. म्हणजे दोन-तीन तासांत बॅटरी रिकामी. प्रेशर हॉर्न मी धरलाच नव्हता.

त्या वहीत आणखी एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. धाकट्याने पंखा बंद करून 63 मधले 2 वाचवले होते. एक हॅलोजन बंद केला असता तर चार पंख्यांची वीज वाचली असती. पण मी तिथे थांबलो नाही. मला उत्तर सापडल्याचा आनंद झाला होता. मी ऐटीत म्हणालो, "सोपं आहे. दुप्पट अल्टरनेटर बसव."

धाकट्याचा माझ्यावर भारी विश्वास. शिकलेला भाऊ सांगतो म्हणजे बरोबरच असणार. त्याने अकोल्याच्या जुन्या मालाच्या बाजारातून मोठ्या गाडीचा 70 अँपिअरचा अल्टरनेटर आणला आणि बाहेरगावच्या एका कारागिराकडून तो बसवून घेतला. तीन आठवडे गाडी लग्नघरासारखी झगमगत होती. धाकटा ज्याला त्याला सांगायचा, "दादाचा हिशोब!"

चौथ्या आठवड्यात हिंगोलीच्या रस्त्यावर डॅशबोर्डमागून धूर आला. आधी रबर जळाल्याचा वास, मग धूर, मग ठिणग्या. जुन्या गाडीत अँपिअर-मीटर डॅशबोर्डवर असायचा आणि अल्टरनेटरची सगळी वीज त्या मीटरमधून फिरून बॅटरीकडे जायची. ती तार 35 अँपिअरच्या हिशोबाची होती. रोज रात्री तिच्यातून त्याच्या दुप्पट वीज जात होती. धाकट्याने गाडी थांबवली आणि उडी मारून खाली आला. बॅटरीची तार हाताने उपटून काढली, कारण पाना शोधायला वेळ नव्हता. डाव्या हाताची दोन बोटं भाजली. मागे सोयाबीनची पोती होती, ती वाचली. गाडी वाचली. क्लीनर पोरगा सोळा-सतरा वर्षांचा, तो केबिनमध्ये झोपलेला होता... तोही वाचला. पुढे मला झोप लागली नाही ती त्या पोराच्या विचाराने.

गाडी ओढत आणली ती अकोला नाक्यावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे. त्याने झाकण उघडलं, जळकी तार बोटांनी चोळली आणि मला म्हणाला, "गुरुजी, तुमी विहीर मोठी केली अन् पाट तोच ठेवला."

हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. कारण मला ते येत होतं! तारेत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा जूलचा नियम मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न म्हणून पोरांकडून घोकून घेत होतो. आणि स्वतःच्या भावाच्या गाडीत तो नियम लागू पडतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. गणित माझं बरोबर होतं, पण ते यंत्रापाशीच थांबलं होतं. यंत्रापासून दिव्यापर्यंत वीज जाते कशातून, हे मी विचारलंच नव्हतं.

मिस्त्रीने मग काय केलं, ते मी त्याच्याजवळ बसून पाहिलं. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड तार टाकली, मीटरला बगल देऊन. तिच्यात बॅटरीजवळ मोठा फ्यूज घातला. इंजिन आणि चॅसिसला जोडणारी अर्थिंगची पट्टी बदलली. ("जाणारी वीज सगळ्यांना दिसते गुरुजी, परत येणारी कोणाले दिसत नाही.") हॅलोजनना रिले लावला, म्हणजे सगळा भार डॅशबोर्डच्या बटणातून जाणार नाही. पट्टा बदलून घट्ट केला, कारण अल्टरनेटरवर भार आला की तो जड फिरतो आणि ढिला पट्टा घसरतो. आणि चार हॅलोजनपैकी दोन काढून माझ्या हातात दिले. म्हणाला, "हे घरी न्या."

तेव्हाच मी आणखी एक हिशोब केला. 70 अँपिअर, 14 व्होल्ट, म्हणजे साधारण 1 किलोवॉट वीज. पण अल्टरनेटर घेतलेली सगळी ताकद विजेत बदलत नाही, बरीचशी उष्णतेत जाते. म्हणजे पट्ट्यावरून इंजिनाचे अडीचेक घोडे फक्त या झगमगाटासाठी जुंपलेले. ते घोडे डिझेल खातात. फुकट काहीच नाही, हे फॅरेडेपासून ठरलेलं आहे.

असो. एवढं रामायण झाल्यावर (तेही वडाखाली नाही!) पुतण्याच्या यादीकडे येतो.

त्याची गाडी 24 व्होल्टची, एम.एच. 37 ची, वाशीमच्या पाटीची. महिन्यातून दोन-तीनदा समृद्धी महामार्गावरून मुंबईकडे जातो. त्याची यादी घेऊन मी, धाकटा आणि तो, तिघेही अकोला नाक्यावर गेलो. म्हातारा मिस्त्री आता नाही, त्याचा मुलगा बसतो. त्याने यादी वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, "शेगडी गाडी उभी असताना लावणार की चालू असताना?"

"उभी असताना. चालू असताना कोण सयपाक करते?"

"मंग अल्टरनेटर मोठा करून काय उपयोग? इंजिन बंद, म्हणजे अल्टरनेटर बंद."

बघा, इथेही माझा हिशोब चुकलाच असता! 1500 वॉटची शेगडी 24 व्होल्टवर 62 अँपिअर ओढणार, इन्व्हर्टरचं नुकसान धरून 70. ती सगळी बॅटरीतून. अर्धा तास भात-वरण केलं की 35 अँपिअर-तास गेले. सेल्फच्या बॅटऱ्या अशा रिकाम्या करण्यासाठी नसतात, त्या एक जोरदार झटका देण्यासाठी असतात. सारख्या उतरवल्या की लवकर मरतात. आणि आताच्या गाडीचं दुखणं वेगळंच आहे. धाकट्याचा जुना ट्रक एकदा चालू झाला की विजेशिवायही चालत राहायचा, डिझेल ढकलणारा पंप यांत्रिक होता. एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांत डिझेलचा थेंबन् थेंब संगणक मोजून सोडतो. वीज गेली की इंजिनच गप्प. त्यात कुणीही मध्येच तार जोडली तर संगणक बिघडू शकतो आणि कंपनीची वॉरंटीही जाते.

मिस्त्रीच्या मुलाने शेगडी खोडली. फ्रीजसाठी वेगळी छोटी बॅटरी सुचवली, जी गाडी चालू असताना भरेल, पण गाडी उभी असताना सेल्फच्या बॅटरीला हात लावणार नाही. म्युझिक सिस्टिम अर्ध्यावर आणली. समोरचा डोळे दिपवणारा पट्टा कायद्यात बसत नाही, म्हणून तोही गेला. (प्रेशर हॉर्नही 1989 च्या नियमांनी बंदच आहे, धाकट्याचा तेव्हाही होता हे मी इथे कबूल करतो.) उरलेली बेरीज केली तर आहे तोच अल्टरनेटर पुरत होता! नवीन काही घ्यायची गरजच नव्हती. पुतण्याचं तोंड जरा उतरलं.

धाकटा इतका वेळ बाकावर बसून ऐकत होता. त्याचे गुडघे आता चालत नाहीत, गाडी सोडून सात वर्षं झाली. त्याने यादीचा कागद मागून घेतला. वरून खालपर्यंत पाहिला. मग पोराला विचारलं, "यात पंखा कोठी हाये?"

पुतण्या म्हणाला, "पंखा कायले पायजे बाबा? खिडकी हाये ना."

आम्ही तिघेही गप्प झालो. मला एकदम ती 1993 ची वही आठवली. बॅटरी उतरली की आधी स्वतःचा पंखा बंद करायचा, ही सवय बापाची. पोराने तर पंखा यादीतच धरला नव्हता. फ्रीज होता, गाणी होती, बाकी सगळ्यांना दिसेल-ऐकू येईल असं सगळं होतं. आमच्या गावात 2005 च्या आसपास बारा-बारा तास लोडशेडिंग असायचं, तेव्हाही असंच व्हायचं. वीज कमी पडली की ज्याची तक्रार नाही त्याची आधी कापायची. ट्रकमध्ये तर कापणाराही ड्रायव्हर आणि तक्रार न करणाराही तोच.

2025 पासून नव्याने बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. 1954 साली इथे ट्रक बनायला लागले, तिथपासून मोजलं तर ड्रायव्हरचा घाम कायद्याच्या यादीत यायला एकाहत्तर वर्षं लागली. धाकट्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "चांगलं झालं. पन माह्या येळेले दोन अँपिअरचा पंखा होता, तो तरी चालू ठेवाले पायजे होता." आणि डाव्या हाताच्या त्या दोन बोटांकडे बघून हसला. मी हसलो नाही. त्या दिवशी वहीत मला चार पंख्यांचा हिशोब दिसला होता. तेव्हाच त्याला म्हणायला हवं होतं, की बाबा, एक हॅलोजन काढ आणि पंखा लाव. मोठ्या भावाचं काम ते होतं. मी अल्टरनेटर सांगत बसलो.

पुतण्याची गाडी 2023 ची, तिला एसी नाही. मिस्त्रीच्या मुलाने त्याच दिवशी 24 व्होल्टचा पंखा बसवला. तार जाड, फ्यूज वेगळा, आणि धाकट्याच्या आग्रहावरून त्याला बंद करायचं बटण जरा लांब, हात सहज पोचणार नाही असं!

तुमच्यापैकी कुणाच्या घरी ट्रक, टेंपो, ट्रॅक्टर असेल तर यादी करताना हे ध्यानात ठेवा. आधी खोडा, मग बेरीज करा, मग तार बघा. आणि चालवणाऱ्याचा पंखा पहिल्या ओळीत लिहा.